ओकावांगोचं पाणी उतरतं तेव्हा (फ्लाय फिशिंग, टायगरफिश आणि पपायरसमधले पाच दिवस)

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये बोट्स्वानातल्या ओकावांगोला जाऊन आलो. पाच दिवस एका लॉजवर राहिलो आणि रोज सकाळ-संध्याकाळ होडीतून फ्लाय रॉडने टायगरफिश या दणकट दातांच्या शिकारी माशाच्या मागे फिरलो. आल्यापासून डोक्यात तेच पाणी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी मूळचा देवबागचा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. बाबा गरवायला जायचे तेव्हा मी मागे डबा धरून. आता सहा वर्षं नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला आहे. तिथल्या एका सहकाऱ्याने फ्लाय रॉड हातात दिला आणि लहानपणीची गरी पुन्हा आठवली.

आधी ज्यांना फ्लाय फिशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आपण गरी टाकतो तेव्हा वजन शिशाचं असतं, तेच दोरीला ओढून नेतं. इथे आमिषाला वजन जवळपास नसतं. हरणाच्या शेपटीचे केस, चमकीचे धागे आणि गळ एवढंच. वजन असतं दोरीत. जाड, विशिष्ट वजनाची दोरी हवेत मागेपुढे झुलवायची आणि तिच्या वेगावर ते आमिष पुढे सोडायचं. सगळं मनगटावर नाही, थांबण्यावर आहे. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायची. हे थांबणं जमायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

आता नदीबद्दल, कारण ती कळल्याशिवाय मासा कळत नाही.

ओकावांगो अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची अरुंद पट्टी ओलांडते आणि मोहेम्बोपाशी बोट्स्वानात शिरते. पण समुद्राकडे जातच नाही. कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच संपते. वर्षाला साधारण १० घन किलोमीटर पाणी येतं, म्हणजे आपली उजनी तीन वेळा काठोकाठ भरेल इतकं. त्यातलं जवळजवळ सगळं उन्हाने आणि झाडापाल्याने हवेत जातं. मोहेम्बोपासून पुढे शंभरेक किलोमीटर नदी दोन भूभ्रंशांच्या (जमिनीतल्या लांब भेगांच्या) मधल्या सरळ पट्ट्यात वळणं घेत राहते. नकाशात तो भाग तव्याच्या दांड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला पॅनहँडल म्हणतात. सेरोंगाच्या पुढे तवा, म्हणजे खरा त्रिभुज प्रदेश. आमचा लॉज दांड्यात होता, शाकावेच्या खालच्या बाजूला.

गंमत या पुराच्या वेळेत आहे. अंगोलात पाऊस जानेवारी-फेब्रुवारीत पडतो. ते पाणी पॅनहँडलला येऊन सर्वांत वर चढतं साधारण एप्रिलमध्ये. पुढे उतार इतका कमी की त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाला, माउन शहराला पोचायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. म्हणजे माउनला पूर येतो तो ऐन कोरड्या दिवसांत, जेव्हा तिथे महिनोन्‌महिने पाऊस नसतो. आणि त्याच वेळी वर पॅनहँडलमध्ये पाणी उतरत असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काठची गवताळ मैदानं उघडी पडतात आणि तिथे चार महिने लपून वाढलेले बारीक मासे मुख्य पात्रात ढकलले जातात. त्यांना लपायला उरते फक्त पपायरसची भिंत.

हा पपायरस आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातला, पण दोन पुरुष उंच. नदीच्या दोन्ही काठांना सलग. त्याची मुळं जमिनीत नसतात, पाण्यावर तरंगत्या गादीसारखी असतात. त्या मुळांच्या जाळीत बारीक मासे शिरतात. आणि मग त्यांच्यामागे येतात मांगूर, मिशांचे मोठे मासे.

याला तिकडे बार्बेल रन म्हणतात. शेकडो, कधी हजारो मांगूर एकत्र येऊन पपायरसच्या कडेने झुंडीने शिकार करतात. मी तीन दिवस फक्त ऐकत होतो की येईल, येईल. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या गाइडने इंजिन बंद केलं आणि हात वर केला. आधी आवाज आला. ओल्या कपड्याने दगडावर धोपटावं तसा, पण शंभर ठिकाणांहून एकाच वेळी. मांगूर शेपटीने मुळांवर फटके मारून आतले मासे बाहेर काढत होते. पाणी काळ्या पाठींनी भरलेलं. वर पपायरसच्या वाकलेल्या देठांवर बगळे ओळीने बसलेले, झुंड सरकेल तसे तेही पुढे सरकत. एक मगर थोड्या अंतरावर नुसती तरंगत होती. आणि या सगळ्याच्या खाली, झुंडीच्या बाहेरच्या कडेला, टायगरफिश. मांगुरांच्या तावडीतून सुटलेला प्रत्येक मासा मोकळ्या पाण्यात आला की त्यांचा.

गाइडने होडी झुंडीच्या पुढे नेऊन शांत सोडली. त्याने सांगितलं, झुंडीत टाकू नकोस, मांगूरच लागेल; तिच्या बाहेर दोन वाव सोडून टाक. मी टाकली, दोन वेळा दोरी ओढली आणि हातातली दोरी थांबली. ओढ नव्हती, थांबणं होतं. पुढच्या क्षणी मासा हवेत. चंदेरी अंग, त्यावर काळ्या रेघा, शेपूट केशरी-लाल. हवेत डोकं झटकलं आणि गळ फेकून दिला.

टायगरफिशचा जबडा हाडासारखा कडक असतो आणि दात बाहेरून दिसतात, तोंड मिटलं तरी. वरचे-खालचे दात एकमेकांत अडकतात. म्हणून गळाच्या आधी वीतभर तार लावावीच लागते, नाहीतर कुठलीही नायलॉन दोरी एका चाव्यात जाते. आणि आपली कोकणातली सवय, मासा लागला की काठी वर उचलून हिसका द्यायचा, ती इथे पूर्ण चुकीची. काठी माशाकडे रोखून धरायची आणि डाव्या हाताने दोरी जोरात मागे खेचायची. हात ऐकेपर्यंत माझे सात मासे गेले.

आठवा राहिला. साडेतीन किलोच्या आसपास. होडीच्या कडेला पाण्यातच गळ काढला, तोंड प्रवाहाकडे करून दोन मिनिटं धरला आणि सोडला.

फोटो नंतर टाकतो. प्रश्न विचारा, माहीत असेल ते सगळं सांगेन.

रानवाटा

अप्रतिम लिहिलंय. मला दरवर्षी सुट्टी डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत मिळते. तेव्हा गेलं तर चालेल का? आणि पोचायचं कसं?

खाडीकाठचा

@रानवाटा, जानेवारीत नको. बोट्स्वानात जानेवारी-फेब्रुवारी मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीचा काळ. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रात होड्या जात नाहीत तसंच. डिसेंबरच्या शेवटी गळ टाकता येईल, पण मांगुरांची झुंड तोवर बहुतेक संपलेली असते आणि पहिला पाऊस सुरू झालेला असतो.

माझं स्पष्ट मत सांगतो: या सहलीला सुट्टीप्रमाणे तारखा ठरवू नका, पाण्याप्रमाणे ठरवा. एप्रिल-मेमध्ये पाणी काठावर पसरलेलं असतं, मासा कुठेही असतो, म्हणजे सापडत नाही. जून-जुलैत पाणी गार, टायगरफिश मंदावतो. ऑगस्टच्या शेवटी पाणी तापायला लागतं. सप्टेंबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात हा काळ, आणि त्यातही झुंड कोणत्या आठवड्यात येईल हे कोणी लिहून देत नाही. ऑक्टोबरमध्ये ऊन चाळीसच्या घरात जातं, दुपारी अकरा ते चार काहीही करता येत नाही. ही तयारी ठेवून जा.

पोचायला: जोहान्सबर्ग ते माउन विमान आहे. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जोहान्सबर्ग. माउनहून शाकावे रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. रस्त्यावर गाढवं आणि गुरं सतत, म्हणून अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. वाटेत एत्शा नावाची गावं लागतात, एत्शा ६, एत्शा १३ अशी, नावापुढे नुसते आकडे. साठच्या दशकाच्या शेवटी अंगोलातल्या युद्धातून पळून आलेल्या हाम्बुकुशू लोकांना तिथे वसवलं गेलं. आमच्या गाइडची आई तिथली. मोकोला नावाच्या ताडाच्या पानांच्या टोपल्या विणते. एक घेतली, घरात दाराशी ठेवलीय.

भिगवणकर

दादा, एक शंका. तुम्ही म्हणता तो मांगूर म्हणजे थाई मांगूर तर नव्हे? आमच्याकडे उजनीच्या आसपास बेकायदा तळी होती, सरकारी पथकाने येऊन सगळे मासे नष्ट केले. तो मासा वाईट म्हणून आम्ही ऐकत आलो.

खाडीकाठचा

@भिगवणकर, तोच! क्लॅरिअस गॅरिपिनस. नावात थाई असलं तरी मूळ आफ्रिकेचा. झुंडीत त्याच्याबरोबर त्याचा एक भाऊबंद, बोथट दातांचा, तोही असतो. भारतात त्याच्या पैदाशीवर बंदी आहे ती योग्यच आहे. हवेतून श्वास घेतो, चिखलात तग धरतो, समोर येईल ते खातो. आपल्या नदीत सुटला तर आपल्या माशांना त्याच्यापासून वाचण्याची सवयच नाही.

पण त्याच्या स्वतःच्या नदीत त्याला पाहिलं आणि माझं त्याच्याबद्दलचं मत पार बदललं. तिथे हजारो वर्षांत सगळ्यांनी एकमेकांना ओळखलंय. मांगूर ज्यांच्या मागे असतो त्यात बुलडॉग नावाचा एक लांब हनुवटीचा मासा असतो. तो अंगातून अतिशय सौम्य वीज सोडून गढूळ पाण्यात, अंधारात वाट शोधतो. आणि मांगुराच्या कातडीला अशी सौम्य वीज जाणवते. एकाचा दिवा तोच दुसऱ्याची खूण. एवढं असूनही दरवर्षी पाणी चढतं तेव्हा बुलडॉग मैदानांत पसरतो, वाढतो, पुन्हा पुरतो.

परक्या जिवाचा त्रास त्यांनाही आहे. साल्व्हिनिया नावाचं दक्षिण अमेरिकेतलं तरंगतं शेवाळी नेचं तिथे शिरलं होतं. आपल्या पवना-इंद्रायणीवर जलपर्णी पसरते तसं. त्यावर एक बारीक सोंडकिडा सोडून ते आटोक्यात आणलं. आजही बाहेरून होडी न्यायची तर आधी परवाना लागतो.

चिवल्याचो

अरे, इतक्या लांब जावन, इतके पैशे घालून मासो गरवलंस, आणि परत पाण्यात सोडलंस? तू देवबागचो मां? तुझ्या बाबांनी गरवलेलो मासो कधी परत खाडीत टाकलो काय? माका ह्या पटणा नाय. खावचो नसात तर त्याच्या तोंडाक गरी लावची कित्याक? भूक नाय तर शिकार नाय, असा आमका शिकयलेला. राग मानू नको, पण मनात इला ता बोललंय.

रामगंगेचा

चिवल्याचो यांचा मुद्दा समजतो. पण मी वीस वर्षं महाशीरसाठी उत्तराखंडात जातो. जिथे लोक गळ टाकून सोडायला येतात, तिथे गावाला माशाच्या जिवंत राहण्याचे पैसे मिळतात, आणि मग सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर गावच लक्ष ठेवतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोरेला जुन्या छावण्या होत्या. अभयारण्यात गळ नको, या नियमाने त्या बंद झाल्या. नियमामागचा हेतू चांगला आहे. पण रोज नदीवर असणारे ते डोळे तिथून गेले. कावेरीचा कुबडा महाशीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि त्याला शास्त्रीय नाव निश्चित झालं तेच २०१८ मध्ये.

निवृत्त_मास्तर

मुलांनो, न मारता मासा राखायची रीत आपल्याकडे जुनी आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीच्या ठाण्यापाशी डोहात महाशीर आहेत. कोणी मारत नाही, लोक चुरमुरे टाकतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरालाही तसंच. तिथे गळही नाही आणि जाळंही नाही. मला व्यक्तिशः ती रीत जास्त भावते. पण खाडीकाठच्या यांचं उत्तर वाचायला आवडेल.

खाडीकाठचा

दोन दिवस विचार करून लिहितोय. @चिवल्याचो, राग अजिबात नाही. तू जे विचारलंस तेच मी दुसऱ्या दिवशी रात्री स्वतःला विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी मला एक मासा लागला होता, दोन किलोचा असेल. पहिलाच म्हणून मी तो होडीत घेतला, हातात धरला, फोटो काढला, मग दुसऱ्या बाजूने काढला. पाणी कोमट होतं आणि मासा दमेपर्यंत लढला होता. सोडला तेव्हा तो उलटा झाला. गाइड पाण्यात हात घालून दहा मिनिटं त्याला धरून बसला. मासा सावरला नाही. टायगरफिश दिसायला एवढा दणकट, पण गरम पाण्यात सोडताना फार नाजूक असतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. मी फोटोच्या नादात ऐकलं नाही. तो मासा गाइडने घरी नेला.

त्यानंतर मी तीन गोष्टी ठरवल्या आणि पाळल्या. गळाचा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ सहज निघतो. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. आणि दुपारी पाणी तापलं की मासा दिसला तरी टाकायची नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. बाबांनी मासा कधी सोडला नाही हे खरं, एक अपवाद सोडून: गाबोळी भरलेली मादी लागली तर ते काही दिवस त्या जागी जायचेच नाहीत. त्यांना भूक होती म्हणून ते गरवत. मला भूक नव्हती. मी तिथे गेलो ते त्या पाण्याशी काहीतरी संबंध जोडायला, आणि मला दुसरी रीत येत नाही. नुसतं काठावर बसून पाहिलं असतं तर मला पपायरसची कड, प्रवाहाचा वळसा, झुंडीची दिशा यातलं काही दिसलं नसतं. गरी हातात असली की मी पाणी वाचतो. माशाला त्याची किंमत द्यावी लागते, हे मला मान्य आहे, आणि त्याचं समर्थन माझ्याकडे पूर्ण नाही. मास्तरांची वाळणकोंडाची रीत त्याहून वरची आहे.

आणखी एक. तिथले लोक खाण्यासाठी, विकण्यासाठी जाळी लावतात. पॅनहँडलमध्ये जाळीवाले आणि लॉजवाले यांच्यात खटके उडत आलेत. आमचा गाइड स्वतः आधी जाळी लावायचा. तो म्हणाला, लॉजवाल्यांना वाटतं मासे जाळ्याने संपतात, गावाला वाटतं इंजिनाच्या आवाजाने पळतात. पाणी कमी आलं त्या वर्षी दोघांनाही मिळत नाहीत. रोज सकाळी तो सर्वांत आधी धक्क्याच्या खांबावरची कालची ओली खूण बघायचा. पाणी किती उतरलं ते बघून मगच कुठे जायचं ते ठरायचं.

सुगरण

दादा, मी मासे धरणारी नाही, पण नवरा हा धागा वाचून वेडा झालाय. बरोबर गेले तर मला तिथे करण्यासारखं काय? आणि मलेरियाचं काय?

खाडीकाठचा

@सुगरण ताई, माझी बायकोही गळाला हात लावत नाही आणि तिला परत जायचंय.

मलेरिया आहे, त्यात हयगय नको. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या सुरू करा, आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. संध्याकाळी पूर्ण बाह्या, आणि झोपताना मच्छरदाणी.

पक्षी तर इतके की तिने वही संपवली. याच दिवसांत किरमिजी राघू नदीच्या उभ्या काठात बिळं करून थव्याने राहतात, काठ लाल दिसतो. वाळूचे पट्टे उघडे पडले की त्यांवर पाणचिरे अंडी घालतात, म्हणून तिथे होडी जोरात नेऊ देऊ नका, लाटेने घरटी भिजतात. एका रात्री लॉजच्या मागच्या झाडावर पेल्स फिशिंग आउल दिसलं, पिंगट रंगाचं प्रचंड घुबड, मासे खाणारं. मोकोरो नावाच्या लांबट होडीतून कमळांमधून फिरवतात. पूर्वी ती एका खोडाची असायची, आता झाडं वाचावीत म्हणून बऱ्याच फायबरच्या आहेत. अंधार पडल्यावर मात्र खोलीबाहेर एकटीने जायचं नाही. पाणघोडे चरायला काठावर येतात, रखवालदार सोबत येतो.

एक दिवस त्सोडिलो टेकड्यांना द्या. सपाट वाळवंटात अचानक उभे राहिलेले खडक आणि त्यांवर ४,५०० च्या वर चित्रं. २००१ पासून जागतिक वारसा. आणि ओकावांगो स्वतः २०१४ साली त्या यादीत आला तो बरोबर हजारावा.

रानवाटा

साहित्य काय न्यावं तेवढं सांगा.

खाडीकाठचा

नऊ नंबरचा रॉड, चार तुकड्यांचा. दोन दोऱ्या: कडेला टाकायला तरंगणारी, खोल पात्रासाठी बुडणारी. क्लाउझर मिनो नावाचं केसांचं आमिष, पांढरं-काळं आणि केशरी-काळं, भरपूर, कारण दातांपुढे एक आमिष चार माशांपेक्षा जास्त टिकत नाही. तार, पक्कड, बोटांना गुंडाळायची पट्टी. परवाना लॉजवाले काढून देतात, आधी विचारून घ्या.

चिवल्याचो

तुझा उत्तर वाचलंय. सगळा पटला असा नाय, पण तू खरा लिवलंस. गाबोळीचा माका आठवला, आमचो आजो पण तसाच करी. एक विचारतंय, ती केसाची माशी आपल्या चोणकाक चलात काय रे? कर्लीत खारफुटीच्या मुळात चोणक आसता तसोच, पपायरसात लपता तसो.

खाडीकाठचा

चलात! ऑस्ट्रेलियात चोणकाला फ्लायवर धरतात, तिकडे त्याला बारामुंडी म्हणतात. रायगडवाल्यांचा जिताडा. ओहोटी लागली की कोळंबी आणि पिल्लं खारफुटीतून ओढ्याच्या तोंडाशी येतात आणि चोणक तिथेच थांबलेला असतो. तेच उतरतं पाणी, फक्त इथे सहा महिन्यांऐवजी सहा तासांत.

मेमध्ये येतोय. पांढऱ्या केसांच्या चार माश्या बांधून ठेवल्यात. त्या आठवड्यातल्या उधाणाच्या वेळा मला कळव, होडी तुझी. आणि एक चोणक आपण घरी नेऊ, आईला सांगून ठेवतो.